गाडी पाहायला गेलो आणि चहा घेतला

हे लिहावं की नाही, ह्या विचारातच बरेच दिवस गेले. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलं नव्हतं, त्यामुळं लिहिणं म्हणजे अर्ज किंवा परीक्षेचा पेपर एवढंच मला ठाऊक. ज्या विषयावर लिहायला बसलो आहे त्यात तर माझा अधिकार त्याहून कमी. माझ्याकडं कधी गाडी नव्हती, आजही नाही, आणि चालवायलाही मी शिकलो नाही. ज्यांनी जन्मभर गाड्या उघडल्या आणि जोडल्या, त्यांनी हे लिहायला हवं होतं. पण त्यांच्यात लिहिणारं कोणी नव्हतं. शिवाय ह्यातली चूक माझी आहे, त्यांची नाही. तेव्हा वाचणाऱ्यानं एवढं धाडस पोटात घालावं.

आमचं गाव कारंजा घाडगेजवळ, नागपूर-अमरावती रस्त्याला लागून. शेतात उभं राहिलं की ट्रक दिसायच्या आधी ऐकू यायचा. चढावर कुठला गिअर पडला, गाडी भरलेली आहे की रिकामी, हे आम्ही भावंडं आवाजावरून सांगायचो आणि पैजा लावायचो. गाड्यांशी माझा संबंध तेवढाच. सत्तरचं दशक संपत आलं असताना मला वर्ध्याला बी.एस्सी.ला प्रवेश मिळाला आणि बोरगाव मेघेत एक खोली मिळाली. खोलीच्या मागच्या भिंतीला लागून एका मिस्त्रीचं गॅरेज होतं. पत्र्याचं छप्पर, एक खड्डा, बाहेर एक मोठा कडुनिंब.

रविवारी सकाळी त्या निंबाखाली बैठक बसायची. मिस्त्री पन्नाशीचे, काटक, बोलायला कमी. दुसरे एक ठेकेदार, त्यांच्याकडं जुनी जीप होती आणि तिच्याबद्दल ते लेकीबद्दल बोलावं तसं बोलायचे. तिसरे पोस्टातले बाबू. बाबूंकडं फक्त सायकल होती, पण जिल्ह्यातल्या प्रत्येक खाजगी गाडीचा नंबर, रंग आणि आधीचा मालक त्यांना तोंडपाठ होता.

"माही जीप काल कारंज्यापासून इथवर आली," ठेकेदार सांगायचे, "पण एकदाही पाणी मागितलं नाई."

"पाणी नाई मागितलं," बाबू म्हणायचे, "पण तेल किती पेली ते सांग नं."

"थोडंसं तर पेतेच."

"मालकावर गेली."

मिस्त्री हसायचे नाहीत, फक्त हातातला पाना दुसऱ्या हातात घ्यायचे. ते हसले असं आम्ही त्यावरून समजायचो.

माझा त्या बैठकीत शिरकाव झाला तो एका पुस्तकामुळं. मिस्त्रींकडं अँबॅसडरचं एक इंग्रजी माहितीपुस्तक होतं, तेलानं पारदर्शक झालेलं. त्यातली चित्रं त्यांनी हजारदा पाहिली होती, पण मजकूर कोणी वाचून दाखवला नव्हता. मी डिक्शनरी घेऊन बसलो आणि आठवड्याला दोन-दोन पानं मराठीत सांगू लागलो. बऱ्याचदा असं व्हायचं की मी अर्धा तास खटपट करून एक वाक्य लावायचो आणि मिस्त्री म्हणायचे, "हे तर मी करतोच." मला ओशाळल्यासारखं व्हायचं. पण ते पुढं म्हणायचे, "पण बरं वाटते, पुस्तकातबी तसंच हाय म्हणून." तेव्हापासून मी तिथं प्रोफेसर झालो. ह्या नावात थट्टा किती आणि माया किती, हे मला शेवटपर्यंत नीट कळलं नाही.

जुनी गाडी घेणारे लोक मिस्त्रींना पारख करायला घेऊन जायचे, आणि काही वेळा मीही सोबत जायचो. ते नेहमी सकाळी लवकर जायचे, आधी न कळवता. पहिल्यांदा बॉनेटवर तळहात ठेवायचे. बॉनेट गरम असलं तर मालकानं आधीच गाडी सुरू करून ठेवली, म्हणजे थंड असताना ती सुरू व्हायला त्रास देते. मग रुमालात गुंडाळलेलं लोहचुंबक पत्र्यावरून फिरवायचे. जिथं ते चिकटत नाही तिथं पत्रा नाही, लांबीची पुट्टी भरून वर रंग दिलेला. मीटरवर आकडा कितीही कमी असो, ते ब्रेकच्या आणि क्लचच्या पायपट्टीचं रबर बघायचे. "मीटर मागं फिरवता येते," ते म्हणायचे, "घासलेलं रबर मागं फिरत नाई." इंजिन चालू करून, लाकडी मुठीचा लांब स्क्रू-ड्रायव्हर त्यावर टेकवून मूठ कानाला लावायचे आणि डोळे मिटायचे. शेवटी दहा पावलं मागं जाऊन गाडीच्या पाठीमागं उकिडवे बसायचे आणि नुसते बघत राहायचे, गाडी कुठल्या बाजूला कलली आहे का म्हणून.

त्यांचे काही नियम होते. पत्र्याला किंवा चेसिसला, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्याला, ठिगळ म्हणून पट्टी लावायची झाली, तर ते तिचे चारही कोपरे कानशीनं घासून गोल करायचे. वेळ जायचा, गिऱ्हाईक कंटाळायचं. "कोपऱ्यातूनच चीर सुटते," एवढंच त्यांचं उत्तर. दुसरा नियम असा की एका गाडीचं दुखणं ते दुसऱ्या माणसाला सांगत नसत. ठेकेदारांनी एकदा कोणा शेठच्या गाडीबद्दल खोदून विचारलं, तेव्हा ते म्हणाले, "डॉक्टर सांगते का तुले, शेजाऱ्याले काय झालं ते?" आणि स्वतः दुरुस्त केलेली गाडी विकायला निघाली, तर तिची पारख करायला ते जात नसत. आपल्याच हाताचं काम आपण कसं तपासायचं, असं त्यांचं म्हणणं.

आणि एक रीत होती, जी सगळ्यांना माहीत असून कोणी बोलून दाखवत नसे. मालकाच्या तोंडावर त्याच्या गाडीला नाव ठेवायचं नाही. गाडी बघून झाली की घरातून चहा यायचाच. मिस्त्रींनी तो घेतला तर गाडी चांगली, घेणाऱ्यानं पुढचं बोलणं सुरू करावं. मिस्त्रींनी हात जोडून "आत्ताच झाला" म्हटलं, तर घेणाऱ्यानं "घरी विचारून सांगतो" म्हणून उठावं. हिंगणघाटला एकदा अशी चकाकणारी गाडी बघायला गेलो होतो की माझे डोळे दिपले. मिस्त्री तिच्याभोवती एक फेरी मारून ओसरीवर येऊन बसले. चहा आला, सोबत चिवडाही आला. मिस्त्री म्हणाले, "आत्ताच झाला." सकाळपासून आम्ही दोघंही उपाशी होतो. परत येताना बसमध्ये त्यांनी सांगितलं की ती गाडी कधीतरी पुरात बुडाली होती, सीटखालच्या स्प्रिंगांना आतून गंज होता. "लय भूक लागलीती बावा," ते म्हणाले, "पण चिवड्यासाठी कोणाचं घर नाई बुडवत."

मी दुसऱ्या वर्षाला असताना नाचणगावचे एक गुरुजी गॅरेजवर आले. गेल्याच वर्षी शाळेतून निवृत्त झालेले, धुतलेलं धोतर, डोक्यावर टोपी, हातात छत्री. त्यांना जुनी अँबॅसडर घ्यायची होती. ठेकेदारांनी सहज विचारलं, "गुरुजी, आता कुठं फिरायले निघाले?"

गुरुजी म्हणाले, "मी कुठं जातो. पोरगी जाईन."

मग त्यांनी सांगितलं. एकुलती एक मुलगी, लहानपणी पोलिओ झालेला. एका पायाला लोखंडी पट्ट्यांचा बूट, तो पाय गुडघ्यात वाकत नाही. बारावी पास झाली होती आणि तिला वर्ध्याला बी.ए. करायचं होतं. पुलगावहून बस होती, पॅसेंजरही होती, पण दोन्हींच्या पायऱ्या तिला चढता येत नव्हत्या. एकदा प्रयत्न केला, तेव्हा कंडक्टरनं वाट पाहिली, पण आतल्या लोकांनी आरडाओरड केली. वसतिगृहात ठेवायला आई तयार नव्हती. गुरुजी कधीकाळी ओळखीच्या जीपवर गाडी चालवायला शिकले होते. रोज घेऊन यायचं, तास संपेपर्यंत थांबायचं आणि परत न्यायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. निवृत्तीचं जे मिळालं ते ह्या एका गाडीत जाणार होतं. दुसरी गाडी ह्या जन्मात होणार नव्हती, हे त्यांनी सांगितलं नाही, पण ते आम्हा सगळ्यांना कळत होतं.

मिस्त्रींनी विचारलं, "गाडी कोणाची पाह्यली?"

गुरुजींनी स्टेशनपलीकडं राहणाऱ्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांच्या गाडीचं सांगितलं. डॉक्टरांची नजर गेली होती, म्हणून विकायची होती.

मिस्त्री हातातलं काम करत राहिले. थोड्या वेळानं म्हणाले, "माही कंबर धरली हाय, गुरुजी. खाली झोपून पाहता येत नाई."

बाबू म्हणाले, "कालच तर ट्रकखाली झोपून होता."

"म्हणूनच धरली." मग माझ्याकडं हात करून म्हणाले, "ह्या प्रोफेसरले घेऊन जा. पोरगा डोळ्यानं साफ हाय, पुस्तक वाचलं हाय."

मी म्हणालो, मला जमणार नाही. त्यांनी मला खड्ड्याकडं नेलं आणि उजेडाची हातबॅटरी माझ्या हातात दिली. "इंजिनाचं सोड, इंजिन चांगलंच असन. तू खालून पाह्यजो. मागून, नीट. अन् चहाचं ध्यानात ठेवजो." तेव्हा मला वाटलं, ते सगळ्यांना असंच सांगत असतील.

पुढच्या रविवारी सकाळी गुरुजी आणि मी डॉक्टरांकडं गेलो. बंगल्यापुढं बाग होती, आणि गाडी पांढरी, सावलीत उभी. मी बॉनेटवर हात ठेवला, थंड होतं. गाडी पहिल्याच फटक्याला सुरू झाली. चुंबक सगळीकडं चिकटलं. डॉक्टर काठी घेऊन बाजूला उभे होते आणि आवाजावरून मी कुठं आहे ते ओळखून तिकडं तोंड करत होते.

"कुठल्या गावचा तू?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं.

"वडील?"

"शेती करतात."

"आणि तू कॉलेजात. चांगलं आहे. घरात पहिलाच का?"

मी "हो" म्हणालो. मला तोवर हे कोणी असं विचारलं नव्हतं.

मग मी पोतं अंथरून मागून गाडीखाली गेलो. बॅटरी डाव्या बाजूला फिरवली आणि हात थांबला. मागच्या चाकाचे स्प्रिंगचे पाटे चेसिसला जिथं धरतात, तिथं एक पट्टी वेल्ड केलेली होती. जुनं काम होतं, वर मातीचा थर. माती खरडली. पट्टी तळहाताएवढी, कोपरे गोल. पट्टीच्या खालून चेसिसला चीर गेलेली असणार, नाहीतर तिथं पट्टी लावतं कोण? भरलेली गाडी खड्ड्यात आपटली तर सगळा भार त्याच जागी येतो, एवढं मी पुस्तकात वाचलं होतं. बोट फिरवून बघितलं. नुसत्या बघण्यानं ती टिकेल की सुटेल हे सांगण्याइतकं मला कळत नव्हतं. पण मिस्त्रींनी अशा गाड्यांना काय म्हटलं असतं, हे मला ठाऊक होतं.

बाहेर आलो, कपडे झटकले. ओसरीवर खुर्च्या मांडल्या होत्या आणि मला खुर्चीवर बसवलं. डॉक्टरांच्या पत्नी ट्रे घेऊन आल्या. आधी माझ्यासमोर धरला. कपबशा फुलांच्या नक्षीच्या होत्या. "घे बाळा," त्या म्हणाल्या, "मातीत लोळलास आमच्यासाठी." डॉक्टर माझ्या दिशेला तोंड करून बसले होते, कपाची किणकिण ऐकायची असल्यासारखे.

मी विसरलो नव्हतो. हे मला स्पष्ट लिहायचं आहे, कारण विसरलो असतो तर ती चूक साधी असती. "आत्ताच झाला" हे शब्द माझ्या तोंडात आले होते. पण अशा घरात, अशा खुर्चीवर, कोणी मला आधी चहा दिला नव्हता, आणि त्या बाईंच्या हातातला ट्रे परत पाठवणं मला जमेना. मनात म्हटलं, चहा घेऊ, रस्त्यात गुरुजींना सांगू. रीत मिस्त्रींची आहे, मी कुठं मिस्त्री आहे.

मी कप उचलला. गुरुजी माझ्याकडंच बघत होते. मी पहिला घोट घेतला आणि त्यांनी टोपी सारखी केली, डॉक्टरांकडं वळले आणि म्हणाले, "डॉक्टरसाहेब, आमचं पक्कं. गाडी माझ्या शब्दावर ठेवा." डॉक्टरांनी हात पुढं केला. तो हवेत थोडा चुकला, गुरुजींनी दोन्ही हातांनी धरला. माझ्या कपात अजून अर्ध्याहून जास्त चहा होता.

परतताना मी तीनदा बोलायचं ठरवलं. गुरुजी बोलत होते. "भाऊ, मी पुढची सीट पाह्यली. एकसंध आहे, मधात गिअरची दांडी नाही, ती स्टिअरिंगवरच. पोरीला पाय लांब करून बसता येईल." मी गाडीचं पोट बघत होतो तेव्हा ते हे बघत होते. स्टेशनजवळ त्यांनी माझा हात दाबला आणि ते पुलगावच्या गाडीला गेले.

मी थेट गॅरेजवर आलो. रविवार असून मिस्त्री एकटेच होते, कॉटवर बसलेले. मी सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, "पट्टी कशी होती?"

"तळहाताएवढी. कोपरे गोल."

"हात फिरवला?"

"फिरवला."

"वेल्डिंग खरबरीत का गुळगुळीत?"

"गुळगुळीत."

ते बराच वेळ चिंधीनं बोटं पुसत राहिले. बोटं स्वच्छच होती. मग म्हणाले, "चहा घेतला नं?"

"घेतला."

"मंग झालं." आणि उठून आत गेले.

मला वाटलं, त्यांनी मला टाकलं. पुढच्या काही रविवारी मी बैठकीला गेलो नाही, अभ्यासाचं निमित्त सांगितलं. मग एक दिवस धीर करून नाचणगावला गेलो, गुरुजींना खरं काय ते सांगायला.

गाडी घरापुढं उभी होती, हळद-कुंकू लावलेली. पुढचं दार उघडं होतं आणि गुरुजींची मुलगी सीटवर पाय लांब करून पुस्तक वाचत बसली होती. कॉलेज सुरू व्हायला अजून अवकाश होता. मी कोण ते सांगितल्यावर ती हसली. "म्हणजे तुम्हीच का? बाबा म्हणतात, तुमच्या भरवशावर घेतली."

मी दाराच्या काचेवरची धूळ बोटानं पुसली.

"आपल्या कॉलेजात पायऱ्या किती आहेत?"

मी म्हणालो, पुढच्या बाजूनं आठ-नऊ आहेत, पण मागच्या फाटकानं आलं तर दोनच, आणि लायब्ररी खालीच आहे. तिनं ते पुस्तकाच्या मागच्या पानावर लिहून घेतलं. मग विचारलं, "मी कवापासून इथंच बसून वाचून राह्यली. येडी दिसते काय?"

मी नाही म्हणालो.

आतून चहा आला. मी तो घेतला. निघताना गुरुजींना बाजूला घेऊन मी एवढंच म्हणू शकलो, "गाडी सावकाश चालवा. आणि मागं डाव्या बाजूला वजन टाकू नका."

"काऊन?"

"जुनी गाडी आहे म्हणून."

त्यांनी मान डोलावली, विद्यार्थ्याकडून काही शिकावं तशी. मला तोंड वर करवेना.

त्या वर्षी रोज सकाळी ती पांढरी गाडी कॉलेजच्या मागच्या फाटकाशी यायची. गुरुजी सीटवर पेपर वाचत बसायचे. मी लांबून, मिस्त्रींसारखा, गाडीच्या पाठीमागं नजर लावून बघायचो, डावीकडं कलली आहे का. कधी वाटायचं कलली, कधी वाटायचं नाही. मुलगी भेटली की माझ्या पहिल्या वर्षाच्या इंग्रजीच्या नोट्स मागायची, मी द्यायचो आणि लवकर सटकायचो. मिस्त्रींकडं पुन्हा जाऊ लागलो होतो, पुस्तकाची राहिलेली पानंही वाचून दाखवली, पण त्या पट्टीचा विषय ना त्यांनी काढला ना मी.

मग माझी शेवटच्या वर्षाची परीक्षा झाली आणि चंद्रपूरकडं एका सरकारी कचेरीत नोकरी लागली. खोली सोडताना मिस्त्री म्हणाले, "येत जाजो." मी गेलो नाही. बाबूंना एकदा पत्र टाकलं, सगळ्यांची खुशाली विचारली. ज्या एका गोष्टीची खुशाली हवी होती, ती विचारायचा धीर झाला नाही, आणि त्या पत्राचं उत्तरही आलं नाही. पुढची कित्येक वर्षं मी पेपर उघडला की आधी आतल्या पानावरच्या अपघाताच्या बातम्या बघायचो. देवळी, पुलगाव, वर्धा ह्यांपैकी एखादं नाव दिसलं की ओळीवर बोट ठेवून शेवटपर्यंत वाचायचो. ट्रक असायचा, बस असायची. माझं लग्न झालं, मुलं झाली. बायकोनं एकदा विचारलं, तुम्ही रोज ह्याच बातम्या काऊन वाचता. मी तिलाही सांगितलं नाही.

ऐंशीचं दशक निम्म्याहून जास्त सरल्यावर, एका दुपारी, नागपूरच्या बसस्टँडवर कोणीतरी मागून म्हणालं, "प्रोफेसर." पोस्टातले बाबू होते. केस सगळे पांढरे झालेले. मधली वर्षं त्यांची बदली आर्वीला झाली होती, माझं पत्र त्यांना मिळालंच नव्हतं, आता निवृत्त होऊन पुन्हा वर्ध्याला आले होते. आम्ही बाकावर बसलो. ठेकेदारांनी जीप विकली, मग तीच पुन्हा विकत घेतली, हे त्यांनी हसत सांगितलं. मिस्त्री गेले, हे न हसता सांगितलं. मागच्या उन्हाळ्यात, झोपेतच.

मी विचारलं, "नाचणगावच्या गुरुजींची गाडी?"

"आहे नं. पोरगी आता पुलगावले शाळेत मास्तरीण हाय. त्याच गाडीनं जाते. गुरुजी थकले, आता तिचा चुलतभाऊ चालवते. पण एक गंमत हाय, मागं डाव्या अंगाले कोणाले बसू देत नाई. पाव्हणे आले तरी सगळे उजव्या अंगाले दाटून बसते. कोणी सांगितलं त्यायले, काय माहीत."

मी पिशवीचा बंद सोडला आणि पुन्हा बांधला.

"मिस्त्री तिकडं जात जाये," बाबू म्हणाले. "तुले ठाऊक नाई? दर दोन-तीन महिन्यांनी. पॅसेंजरनं पुलगाव, तिथून पायी. गुरुजीले म्हणे, सहज आलतो, चहा पाजा. अन् चहा येईस्तोवर गाडीखाली जाऊन पडे. आर्वीहून सुट्टीत आलो का मीबी जात जाऊ सोबत. एकदा इचारलं, काऊन येतं रे एवढ्या लांब? तर म्हणे, तो जोड माह्या हातचा हाय. डॉक्टरची नजर होती तवा एका पुलावर ठोकली होती त्यायनं, अन् ह्यानंच ते बनवून देल्लं होतं."

गोल कोपरे मला तेव्हा दिसले. गाडीखाली झोपलो होतो तेव्हाही दिसले होतेच.

"म्हणजे त्या दिवशी कंबर..."

"कंबर कायची. आपल्या हातचं काम तो पाहे का? अन् गिऱ्हाइकाची गोष्ट सांगे का? म्हणून तुले पाठोलं." त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही, समोर लागलेल्या बसकडं बघत राहिले. "तुह्या चहाचं त्यानं मले सांगितलं होतं. राग नव्हता त्याले. म्हणे, पोरगं माह्यासारखं उपाशी नाई उठू शकलं."

मी विचारलं, "आणि तो? तो चहा घ्यायचा तिथं?"

"आधी खाली झोपून पाहे, मंगच घे. दर खेपेले घे. पण एका खेपेले नाई घेतला. हात जोडले, आत्ताच झाला म्हणे. अन् गाडी तशीच हळूहळू बोरगावले घेऊन आला, गुरुजीले बाजूले बसवून. जुनी पट्टी काढली. खालची चीर पार अलीकडं आलती, चेसिस तुटायले बोटभरच लोखंड उरलं होतं. दोन दिवस लागला होता त्यावर, जेवायलेबी उठला नाई. नवी पट्टी टाकली, दुप्पट मोठी, कोपरे घासून. गुरुजीनं इचारलं, काय झालं होतं मिस्त्री, तर म्हणे, काही नाई, जुनी गाडी हाय."